शनिवारी वही बंद

शब्बातच्या, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतच्या विश्रांतीच्या, दिवशी कोणती कामं करायची नाहीत, याची यादी ‘मिश्ना’ या यहुद्यांच्या प्राचीन ग्रंथात आहे. कामांचे प्रकार ३९, पण ग्रंथ सरळ आकडा न सांगता ‘चाळीस उणे एक’ असं म्हणतो. नांगरणी, पेरणी, दळण, कणीक मळणं, लोकर कातणं, गाठ मारणं, विस्तव पेटवणं, विझवणं अशी ती यादी शेतातून स्वयंपाकघरात आणि तिथून कारागिराच्या ओट्यावर जाते. त्यातच लिहिणंही येतं. लिहिणं म्हणजे किती लिहिणं? तर दोन अक्षरं. एकावर थांबलात तर दोष पुरता लागत नाही, दुसरं उमटलं की लागला. फळाच्या रसाने लिहिलं तर? वाटेवरच्या धुळीत बोट फिरवलं तर? पंडितांनी त्याचाही विचार करून ठेवला आहे.

मी यहुदी नाही, त्यामुळे हा नियम मला लागू नाही. पण ज्या घरी उतरले होते तिथे तो पाळतात, आणि यजमानांच्या पंगतीत बसून आपण तेवढं टिपण काढत राहायचं हे बरं दिसत नाही. पंचाईत अशी, की मी तिथे गेले होते तीच हिब्रूचा सराव करायला. पिशवीत कोरी वही होती. फोनमध्ये शब्दकोश होता. शुक्रवारी संध्याकाळी दोन्ही कपाटात गेले.

ही गोष्ट जानेवारी २०१९ ची, म्हणजे २०२३ मध्ये सुरू झालेल्या युद्धाच्या बरीच आधीची. ठाण्याची माझी शाळेतली मैत्रीण लग्न होऊन इस्रायलच्या दक्षिणेला दिमोना गावी राहते. ती बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांतली, तिचं सासरही बेने इस्रायल. हिब्रूची अक्षरओळख मला ठाण्यातच झाली, सिनेगॉगमध्ये प्रार्थना सांगणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांकडे. त्यांनी प्रार्थनेच्या पुस्तकावरून शिकवलं. त्यामुळे देवाची स्तुती मला बऱ्यापैकी जमायची आणि बसचं तिकीट मागता यायचं नाही. ज्ञानेश्वरीच्या भाषेत रिक्षावाल्याशी भाव ठरवावा, तसा माझ्या बोलण्याचा थाट होता. म्हणून मैत्रिणीला फोनवर बजावून सांगितलं, की शुक्रवार-शनिवार तुझ्या घरात माझ्याशी फक्त हिब्रू बोलायचं. ती हसली. म्हणाली, “माझ्या सासूबाई तुला बोलू देतील तर ना! त्या वाट बघताहेत, मराठी बोलायला कोणी येतंय म्हणून.”

शुक्रवारी दुपारनंतर इस्रायलमधल्या रेल्वेगाड्या थांबतात, बहुतेक गावांतल्या बसही बंद होतात, त्या शनिवारी रात्रीच पुन्हा सुरू होतात. त्यामुळे शुक्रवार सकाळची तेल अवीव–बेएर शेवा गाडी म्हणजे घरी निघालेल्या सैनिकांची वरात असते. अठरा-एकोणीस वर्षांची मुलंमुली, मांडीवर रायफल, पायाशी मळक्या कपड्यांनी फुगलेली बॅग. बहुतेक जण झोपलेले. बेएर शेवाला उतरून बस धरायची. तासाभराच्या आत दिमोना. वाटेत नेगेवचं वाळवंट लागतं, पण वाळूच्या टेकड्या मनात धरून कोणी जाऊ नये. तिथे पिवळट मुरूम आहे, खुरटी झुडपं आहेत आणि अधूनमधून बदाउनांच्या पत्र्याच्या वस्त्या. सकाळपासून भेटेल तो ‘शब्बात शालोम’ म्हणत होता, तिकीट तपासनीसही आणि फलाफलवालाही. तेवढं मला पाठ होतं.

दिमोनाचं नाव बाहेरच्यांना माहीत आहे ते जवळच्या अणुकेंद्रामुळे. गाव वसलं १९५५ मध्ये, नव्याने आलेल्यांना वाळवंटात वसवायचं या सरकारी धोरणातून. आधी आले ते प्रामुख्याने मोरोक्कोचे यहुदी. पुढे कोकणातून आणि मुंबईतून आलेले बेने इस्रायल. मृत समुद्रावरचे खनिजांचे कारखाने आणि गावातली कापडगिरणी ही त्यांच्या पोटापाण्याची साधनं होती. आज दिमोनाला ‘छोटा भारत’ म्हणतात. बाजारात पोहे, तांदळाचं पीठ, कोकम, चिवडा मिळतो. चार मजली एकसारख्या इमारतींच्या जिन्यात फोडणीचा वास आला, तेव्हा घराचा नंबर विचारायची गरज पडली नाही.

दार मैत्रिणीच्या सासूबाईंनी उघडलं. उंबऱ्याशी चौकटीवरच्या मझूझाला, म्हणजे धर्मवचनांच्या डबीला, बोटं लावून ती ओठांना टेकवायची पद्धत मला माहीत होती, म्हणून मी थांबले. तर त्या म्हणाल्या, “ते मागाहून कर. आत ये आधी, पाय धू. चहा टाकलाय.” तिथेच माझ्या हिब्रूचा निम्मा करार मोडला.

त्यांना मी मावशी म्हणू लागले. मावशी मूळच्या रेवदंड्याकडच्या. सोळा-सतरा वर्षांच्या असताना, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, आईवडिलांबरोबर इथे आल्या. या देशात हिब्रू शिकवण्याची एक नावाजलेली सोय आहे, उल्पान. पहिला उल्पान १९४९ मध्ये जेरुसलेमला निघाला. नव्याने आलेल्या माणसाला काही महिने वर्गात बसवून बोलतं करायचं, ही त्यामागची कल्पना. मावशी तिथे गेल्या का? “उल्पानला कोण बसवणार? गिरणीत पाळी असायची.” मग भाषा आली कुठून? शेजारच्या मोरोक्कन बाईकडून. “तीही नवीनच शिकत होती. ती चुकीचं बोलायची, मी तिचं चुकीचं उचललं, मग आमच्या दोघींचं अगदी बरोबर जमलं.” म्हणून मावशींच्या हिब्रूत घशातून येणारे अरबी वळणाचे उच्चार आहेत, जे तेल अवीवच्या तरुणांनी केव्हाच टाकून दिले. पुस्तकी दृष्टीने पाहिलं तर तेच जास्त शुद्ध.

कुटुंबातली भाषावाटणी एकदा सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजेल. मावशी मराठी आणि हिब्रू दोन्ही बोलतात, पण रागावतात मराठीत. त्यांचा मुलगा, म्हणजे मैत्रिणीचा नवरा, दिमोनात जन्मला. त्याला मराठी सगळं कळतं, बोलायला मात्र तो तयार नसतो. त्याच्या लहानपणी घरात दुसरी भाषा बोलणं हे मागासलेपणाचं समजत. तेल अवीवमध्ये १९२० च्या दशकात तरुणांचं एक पथकच होतं, रस्त्यात कोणी यिद्दिश बोलताना दिसला की ‘हिब्रू माणसा, हिब्रू बोल’ म्हणून टोकणारं. पथक गेलं, धाक उरला. मैत्रीण दोन्ही भाषांत सराईत. तिची थोरली मुलगी सैन्यात, धाकटा मुलगा नऊ वर्षांचा. या दोघांच्या हिब्रूत एकच मराठी शब्द शाबूत आहे: ‘आजी’. बाकी जगातली आजी त्यांच्या लेखी ‘साव्ता’.

साडेतीनलाच घरात धांदल उडाली. शब्बातचे दिवे सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावायचे (जेरुसलेममध्ये ४० मिनिटं), आणि जानेवारीत सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. दिवे लागले की स्वयंपाक नाही, स्विच नाही. रश्श्याचं पातेलं आणि भात ‘प्लाटा’वर चढवला. ही एक सपाट विजेची शेगडी, शुक्रवारी सुरू करून दुसऱ्या दिवसापर्यंत मंद तापत ठेवायची. फ्रीजमधला दिवा काढून ठेवला, म्हणजे दार उघडलं तरी तो पेटणार नाही. बैठकीतले दिवे आणि हिटर आपोआप चालू-बंद करणाऱ्या वेळेच्या घड्याळावर लावले. थोरली लष्करी बॅग घेऊन आली, बॅगेतले कपडे यंत्रात कोंबले आणि वेळेत धुऊन होतील की नाही यावर आईशी वाद घातला. हा वाद मला जवळपास सगळा कळला. भांडणाची भाषा कळायला सोपी असते. शब्द थोडे आणि तेच तेच.

मग मावशींनी डोक्यावर पदर घेतला. साडी नव्हती, ओढणी होती, पण हालचाल पदराचीच. दिवे लावून डोळे झाकले, आशीर्वचन पुटपुटल्या. रेवदंड्याला त्यांची आई काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल आणि त्यात वात, असा दिवा लावायची. तेलाशी या समाजाचं नातं जुनं आहे. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून आसपासचे त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली, अशी त्यांच्या आगमनाची कथा आहे. पुस्तकं समुद्रात गेली. पुढे शेकडो वर्षं त्यांच्यापाशी काय उरलं, तर शनिवारची सुट्टी, मुलाची आठव्या दिवशी सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे खाण्याचा नियम आणि ‘शमा’ ही एक प्रार्थना, तोंडपाठ. डेव्हिड राहाबी नावाच्या यहुद्याने त्यांची पारख केली ती म्हणे मासे पुढ्यात ठेवून; बायकांनी बिनखवल्यांचे बाजूला काढले.

ही कथा मी आधी वाचली होती, तेव्हा तिच्यात दंतकथेचा गोडवा वाटला होता, इतकंच. त्या रात्री, वही कपाटात असताना, तिच्यातला व्यवहार माझ्या लक्षात आला. लिहिण्यावाचून जे टिकवायचं ते रोज म्हणावं लागतं, आणि चारचौघांत म्हणावं लागतं, कारण एकट्याला आपण गाळलेलं कळत नाही.

जेवणाआधी किद्दुश, म्हणजे द्राक्षरसावरचा मंत्र. इस्रायलमध्ये वाइनला तोटा नाही, पण या घरात पेल्यात असतं ते काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळलेलं सरबत. कोकणात वाइन मिळायची नाही, तेव्हाची ही तोड. आता तीच परंपरा. मग दोन पाव, कापडाखाली झाकलेले. दोनच का, हे मला धाकट्याने सांगितलं, हळूहळू, एकेक शब्द सुटा करून, मी बहिरी असल्यासारखं मोठ्याने. वाळवंटात भटकणाऱ्या यहुद्यांसाठी आकाशातून ‘मान’ नावाचं अन्न पडायचं. रोज एका दिवसापुरतं, शुक्रवारी मात्र दुप्पट, म्हणजे शनिवारी गोळा करायला जावं लागू नये. नेमका त्या आठवड्याच्या तोरावाचनात, म्हणजे सिनेगॉगमधल्या धर्मग्रंथाच्या वाचनात, तोच अध्याय होता, त्यामुळे शाळेत त्याचं ताजं पाठांतर झालेलं. त्याच्या गोष्टीतली क्रियापदं मला एकामागून एक ओळखीची निघाली. पडलं, गोळा केलं, उरलं, नासलं. प्रार्थनापुस्तकातली माझी जुनाट हिब्रू आणि त्याची शाळेतली हिब्रू या एका गोष्टीत समोरासमोर आल्या आणि दोघींनी एकमेकींना ओळखलं. एरवी माझं वाक्य ऐकून तो बहिणीकडे बघायचा आणि म्हणायचा, “ही तनाखसारखं बोलते.” तनाख म्हणजे त्यांचं बायबल.

चूक सुधारण्याबाबत हा देश भिडस्त नाही. ‘लो नखोन’, बरोबर नाही, हे शब्द तोंडावर येतात, मध्येच येतात, आणि लगेच ‘ओद पाआम’, पुन्हा एकदा. आपल्याकडे परका माणूस मोडकं मराठी बोलला की आपण कौतुकाने मान डोलावतो आणि पुढचं वाक्य हिंदीत बोलतो. त्यामुळे कित्येक जण मुंबईत जन्म काढूनही मोडक्यावरच राहतात. मला दिमोनाची रीत आवडली.

रात्री हिटर बंद पडला. वेळेच्या घड्याळाचा एक खटका राहून गेला होता, आणि नेगेवची जानेवारीतली रात्र हाडांत शिरते. आता यहुदी माणूस तो लावू शकत नाही, आणि दुसऱ्या धर्माच्या माणसाला ‘लाव’ म्हणून सांगणंही एरवी वर्ज्य. मैत्रिणीचा नवरा खिडकीशी उभा राहून, माझ्याकडे न बघता, हिब्रूत हवामानाचं वर्णन करू लागला: यंदा थंडी फार, म्हाताऱ्या माणसांना त्रास होतो, खोली पाहा किती गार झालीय. आडून बोलण्याची इतकी स्वच्छ हिब्रू मी त्याआधी ऐकली नव्हती. मला सगळं कळत होतं आणि त्याचं शेवटपर्यंत ऐकायचं होतं. पण मावशींनी पांघरुणातून हाक मारली, “लाव गं बाई तो हिटर. तू कुठं यहुदी आहेस?” मुलगा संकोचला. थोरलीने मग समजावलं, की धर्मशास्त्रात कडाक्याच्या थंडीपुढे सगळ्यांनाच आजाऱ्यासारखं धरतात, आणि आजाऱ्यासाठी सांगायला मुभा आहे. म्हणजे मावशींचंच शास्त्राला धरून होतं.

सकाळी सिनेगॉगला. मावशी त्याला ‘मशीद’ म्हणतात. कोकणातल्या जुन्या पिढीचा तोच शब्द. मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये समाजी हसाजी दिवेकरांनी बांधलं, त्यालाही लोक ‘जुनी मशीद’च म्हणत. बायकांची बसायची जागा वेगळी. तिथे पुस्तक हातात आलं आणि मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं, कारण प्रार्थनेच्या पुस्तकात स्वरचिन्हं छापलेली असतात. रोजच्या हिब्रूत नुसती व्यंजनं; काना-मात्रा ज्याने त्याने मनातून घालायच्या. दुकानाची पाटी वाचायला मला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात इथे अर्धं पान झालं. शेजारच्या आजी पुस्तक उघडून मांडीवर ठेवत होत्या, पण पान उलटत नव्हत्या. त्यांना सगळं पाठ होतं. मध्ये थांबल्या की हळूच मराठीत विचारायच्या: कुठली तू? ठाण्याची? चेंदणीतला अमका जिवंत आहे का?

लाल समुद्र ओलांडल्यावरचं गीत त्या दिवशीच्या वाचनात होतं. ते सुरू झालं आणि सगळे उभे राहिले. मराठी माणसाने हिब्रू शिकण्याचा इतिहास किती मागे जातो, हे तिथे उभं असताना आठवलं. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईला आले आणि १८३२ मध्ये त्यांनी हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं, बेने इस्रायलींसाठी. हेतू ख्रिस्ती करण्याचा. निष्पन्न उलटं झालं. बायबल मराठीत आणि व्याकरण हातात आल्यावर हे लोक अधिकच यहुदी झाले. कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी प्रार्थना बसवून दिल्या. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनापुस्तकांची मराठी भाषांतरं केली. वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची ‘हग्गादा’ मराठीत १८४६ सालीच छापली गेली होती. म्हणजे मराठीच्या पायरीवरून ते हिब्रूपर्यंत चढले. इस्रायलमध्ये आल्यावर ती पायरी मुलांना लागेना, इतकंच.

आणि इथे आल्यावर सगळं सुरळीत झालं असंही नाही. पहिल्या काही वर्षांतच, १९५१-५२ मध्ये, काहींनी परत भारतात पाठवा म्हणून धरणं धरलं आणि ते परतही गेले. मग १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) कार्यालयाने यांच्या लग्नांआधी पूर्वजांची चौकशी करायचा आदेश काढला. ज्यांनी शेकडो वर्षं शनिवारी घाणा बंद ठेवला, त्यांना यहुदीपणाचा पुरावा विचारला गेला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला मोठं धरणं झालं. ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, हे सर्वार्थाने यहुदीच आहेत असं जाहीर केलं आणि रब्बींना आदेशातलं नाव काढावं लागलं. मावशींचे यजमान त्या धरण्यात होते. “त्यांना हिब्रूतली पहिली लांब वाक्यं आली ती घोषणांची,” मावशी म्हणाल्या. “भाजी आणायला गेले तरी आवाज तसाच.”

जेवणात नारळाच्या दुधातली कोंबडी. मांसाबरोबर दूध-दही चालत नाही, आणि ती अडचण कोकणाने नारळाने सोडवली. डब्यातलं नारळाचं दूध चालतं का, विचारलं. “चालवून घ्यायचं,” मावशी म्हणाल्या. जेवणानंतर घर झोपलं. झोप हाही शब्बातचा मोठा भाग, आणि त्याबद्दल कोणाचाच मतभेद नाही.

धाकट्याला मात्र झोप नव्हती. तो मला रस्त्यावर घेऊन गेला आणि तिथे माझा खरा वर्ग भरला. विषय: आकडे. हिब्रूत आकड्यालाही लिंग असतं. तीन मुली ‘शालोश बानोत’, तीन मुलगे ‘श्लोशा बानिम’. आणि गंमत अशी, की स्त्रीलिंगी वाटणारं रूप पुल्लिंगाला लागतं. प्रार्थनेत आकडे फारसे लागत नाहीत, त्यामुळे ठाण्याला हे प्रकरण आम्ही वरवरच उरकलं होतं. दिमोनाच्या रस्त्यावर मांजरं पुष्कळ आणि शनिवारी उभ्या गाड्या पुष्कळ. मांजर पुल्लिंगी, गाडी स्त्रीलिंगी. तो मांजराकडे बोट करायचा, मी म्हणायची. गाडीकडे करायचा, मी बदलून म्हणायची. कचरापेटीपाशी चार मांजरं आणि दोन गाड्या एकदम आल्या, तिथे आम्ही बराच वेळ उभे होतो. असं का, म्हणून नियम विचारला: ‘लामा?’ त्याने खांदे उडवले: ‘काखा.’ असंच. वही असती तर मी तिथेच तक्ता आखला असता, दोन रकाने करून, आणि तो आजही वहीत पडून असता. चालत चालत म्हटलेले आकडे मात्र अजून तोंडात आहेत. क्रियापदाच्या लिंगाचा त्रास झाला नाही. पुरुष ‘होलेख’, बाई ‘होलेखेत’, आपल्या जातो-जातेसारखं. त्याला वाटलं मी हुशार आहे.

बाकावर म्हातारी मंडळी सूर्यफुलाच्या बिया फोडत बसली होती. एका टोकाला मोरोक्कन, दुसऱ्या टोकाला आपले. मध्ये हिब्रू. दोघांनाही पोरांच्या शाळेबद्दल, औषधांच्या दुकानाबद्दल काही सांगायचं असलं की मध्यात यायचं. गुडघ्यांबद्दल बोलायचं असलं की आपापल्या टोकाला जायचं. एलिएझर बेन-येहुदाला हे दृश्य पाहून काय वाटलं असतं, असा विचार आला. १८८१ मध्ये जेरुसलेमला आलेल्या या हट्टी माणसाने ठरवलं, की आपल्या मुलाच्या कानावर हिब्रूखेरीज शब्द पडता कामा नये. बायकोने रशियन अंगाईगीत म्हटलं म्हणून तो भडकला, अशी आठवण सांगतात. त्याच्या हट्टातून, आणि हजारो शिक्षकांच्या कष्टातून, पोथीतली भाषा कचरापेटीपाशी मांजरं मोजायच्या कामी आली. जगात दुसरीकडे हे असं जमलेलं नाही. पण त्या हट्टाची किंमत बाकाच्या दोन टोकांवर बसलेली होती, आणि ती दिली कोणी, तर मावशींच्या पिढीने. इस्रायलमधून ‘मायबोली’ नावाचं मराठी त्रैमासिक निघालं, ते याच पिढीच्या जिवावर. मला ही किंमत अटळ वाटत नाही. गिरणीत पाळी करणाऱ्या बाईला दोन भाषा पेलल्या, तर तिच्या मुलाला शाळेत दोन पेलल्या असत्या.

आकाशात तीन तारे दिसले की शब्बात संपतो. गच्चीवरून धाकट्याने तिसरा शोधला, पहिले दोन आम्हाला कोणालाही दिसले नव्हते. शब्बातच्या निरोपाचा विधी, हावदाला, झाला: पिळाची मेणबत्ती, सरबताचा पेला, हुंगायला मसाल्याची डबी. डबीत लवंगा-वेलदोडे, अलिबागहून कोणीतरी आणलेले. ‘शावुआ तोव’ म्हणत सगळ्यांनी एकमेकांना चांगला आठवडा चिंतला, आणि त्याच श्वासात सगळ्यांचे फोन सुरू झाले. धुण्याच्या यंत्राचा आवाज आला.

रविवारी संध्याकाळी तू बिश्वाट लागणार होता, झाडांचा सण. बेने इस्रायलींच्या लेखी तो एलियाहू हन्नबीचाही दिवस. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावरून संदेष्टा एलिया रथातून स्वर्गाला गेला, त्याची खूण तिथे आहे, असं ते मानतात. त्या दिवशी मलिदा करतात: पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि भोवती फळं. मावशींनी पोह्यांचा डबा काढला आणि निवडायला बसल्या. मी कपाटातून वही काढली. दोन दिवसांचं सगळं उतरवून काढायचं होतं.

पेन थोरलीने घेतलं. तिच्या हातात दुसरी वही होती, मावशींची, कडा पिवळ्या पडलेली, देवनागरीत लिहिलेली. कीर्तनं. १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्रायलींनी आपल्या कीर्तनाचा साचा उचलला आणि विठ्ठलाच्या जागी योसेफ, मोशे यांच्या कथा लावायला सुरुवात केली. मावशींनी ही वही आईकडून उतरवून घेतलेली. थोरलीला ती वाचता येत नाही. सैन्यात एका मैत्रिणीने तिला विचारलं होतं, तुमच्या घरी काय गातात, आणि तिला दोन ओळींपुढे सांगता आलं नव्हतं. तिने मला हिब्रूत विचारलं, मी हळूहळू वाचून दाखवीन का. ती हिब्रू अक्षरांत उतरून घेईल.

मी वाचायला लागले. मोशेच्या जन्माची कथा, नदीतली पेटी. ‘त’ आणि ‘ट’चा प्रश्न तिने चुटकीसरशी सोडवला, कारण हिब्रूत त-ची दोन अक्षरं आहेत आणि आता दोन्हींचा उच्चार एकच होतो, एक ‘त’ला दिलं, दुसरं ‘ट’ला. ‘ळ’पाशी गाडी अडली. तिने साधा ‘ल’ लिहिला आणि वाचून दाखवलं. मावशींनी पोह्यांतून मान वर केली. “बाळाचा बाल करतेस?” धाकटा खिदळला, कारण बाल म्हटलं की त्याला ऐकू आलं ‘बाआल’, आणि हिब्रूत त्याचा अर्थ नवरा. पेटीत ठेवून नदीत सोडलेला नवरा! मग थोरलीने ‘ल’च्या पोटात एक ठिपका दिला आणि जाहीर केलं की हा ‘ळ’. मावशींनी तिला तो वीसेक वेळा म्हणायला लावला. ‘ओद पाआम,’ धाकटा प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणत होता.

दीड पान झालं तेव्हा दहा वाजून गेले होते. रविवार हा तिथला कामाचा पहिला दिवस. थोरलीला पहाटेची बस होती आणि नारळ अजून खवायचा होता. तिने पानं उलटून पाहिली, उरलेली मोजली आणि आईला विचारलं, पाहुणी पुढच्या शब्बातपर्यंत राहील का. मावशींना प्रश्न कळला. त्या मराठीत म्हणाल्या, “तिला कशाला अडकवतेस? फोटो काढून पाठव तिला. ती ठाण्याला बसून वाचेल, फोनवर आवाज पाठवील. तू लिही, मी ऐकते. आणि शनिवारी पाठवू नकोस म्हणावं.”